पहिला तारा कधी? सासऱ्यांची फाइल आणि डेसिबलचा हजारावा हिस्सा

माझ्या सासऱ्यांना कात्रणं कापून ठेवायची सवय आहे. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून तर फारच. 'औषधं', 'पेन्शन', 'शेती' अशा फायली आहेत आणि एक 'आकाश' नावाची आहे. मागच्या महिन्यात त्यातली चार कात्रणं त्यांनी माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. २००३ चं म्हणतं, पहिले तारे विश्वाच्या जन्मानंतर २० कोटी वर्षांनी पेटले. २०१५ चं म्हणतं, ५५ कोटी. २०१८ चं म्हणतं, १८ कोटी. २०२४ चं म्हणतं, २९ कोटी वर्षांच्या विश्वात अख्खी आकाशगंगाच सापडली.

"तुमच्या लोकांचं एकदा काय ते ठरवा," बाबा म्हणाले. "आम्ही मीटर रीडिंगमध्ये एवढा फरक दाखवला असता तर गावाने दांडके घेतले असते."

'तुमचे लोक' म्हणजे मी नव्हेच. मी भोसरीत ईएमसी टेस्टिंगच्या लॅबमध्ये काम करते. कंपन्या आपले चार्जर, एलईडी ड्रायव्हर, मोटर कंट्रोलर आमच्याकडे पाठवतात आणि ती वस्तू रेडिओलहरींचा किती कचरा हवेत सोडते, ते आम्ही मोजतो. निळ्या टोकदार फोमने मढवलेली चेंबर, समोर अँटेना, बाहेर रिसीव्हर. पण बाबांच्या चार कात्रणांपैकी एक थेट माझ्या धंद्यातलं निघालं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी एक गोष्ट बाजूला करू. पहिला तारा कुणी पाहिलेला नाही. निव्वळ हायड्रोजन आणि हेलियमचे ते तारे फार मोठे असावेत, सूर्याच्या शेकडो पट वस्तुमानापर्यंतचे, असा हिशोब आहे. एवढा मोठा तारा वीस-तीस लाख वर्षांत संपतो. त्यामुळे जे काही पुरावे आहेत ते सगळे मागे राहिलेल्या खुणांचे. आणि या कात्रणांतला प्रत्येक आकडा वेगळ्या खुणेवरून आलाय. मीटर एकच असता तर बाबांची तक्रार योग्य होती.

२००३ चं आणि २०१५ चं कात्रण एकाच जातीचं. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना जो प्रकाश मोकळा सुटला, तो आजही सगळ्या दिशांनी येतो, २.७ केल्विन तापमानाच्या सूक्ष्मलहरींच्या रूपात. पुढे ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने हायड्रोजनचे अणू फोडले, इलेक्ट्रॉन मोकळे झाले, आणि त्या इलेक्ट्रॉनांवर आपटून या जुन्या प्रकाशाचा थोडा भाग विखुरला, ध्रुवित झाला. किती विखुरला ते मोजलं, की तारे साधारण कधीपासून कामाला लागले याचा अंदाज बांधता येतो. नासाच्या डब्ल्यूमॅप उपग्रहाने २००३ मध्ये काढलेलं माप होतं ०.१७, म्हणजे शंभरातले साधारण सोळा फोटॉन वाटेत अडखळले. एवढे अडखळायचे तर तारे फार लवकर हवेत, म्हणून २० कोटी. २००६ मध्ये त्याच उपग्रहाच्या जास्त डेटावरून ०.०९ आलं. युरोपच्या प्लँक उपग्रहाने २०१५ मध्ये ०.०६६ केलं, २०१८ मध्ये ०.०५४. सोळाचे पाच-साडेपाच राहिले.

आकडा का घसरत गेला? विश्व बदललं नाही. आपल्याच आकाशगंगेतली धूळ आणि चुंबकीय क्षेत्रात फिरणारे इलेक्ट्रॉन हेही ध्रुवित प्रकाश सोडतात, आणि तो या क्षीण खुणेच्या अगदी पुढ्यात उभा असतो. तो पुढ्यातला कचरा जसजसा नीट वजा होत गेला, तसतसं मूळ माप लहान होत गेलं. हे वाचताना मला जरा हसू आलं. आमच्या चेंबरमध्येही पहिल्या दिवशीचा आकडा दुसऱ्या दिवशी खाली येतो तेव्हा नव्वद टक्के वेळा कारण हेच असतं: वस्तूचा म्हणून मोजलेला नॉइज दुसऱ्याचाच होता.

शिवाय ५५ कोटी हा पहिल्या ताऱ्याचा आकडा नाहीच. विश्वातला निम्मा हायड्रोजन फुटून झाला तो हा काळ. वर्तमानपत्राने मथळ्यात 'पहिले तारे' लिहिलं आणि बाबांनी ते जपून ठेवलं.

२९ कोटींचं कात्रण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, आणि तरीही त्याचं उत्तर अपुरंच आहे. जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ ला उडाली. तिने टिपलेल्या जेड्स-जीएस-झेड१४-० या आकाशगंगेचा वर्णपट मे २०२४ मध्ये जाहीर झाला: विश्व फक्त २९ कोटी वर्षांचं असतानाची आकाशगंगा, १,६०० प्रकाशवर्षांहून जास्त पसरलेली. २०२५ मध्ये तिच्याही किंचित आधीची, २८ कोटींच्या सुमाराची, सापडली. पण मला वय बघून नवल वाटलं नाही, ऑक्सिजन बघून वाटलं. चिलीतल्या अल्मा दुर्बिणीच्या रेडिओ-अँटेनांनी २०२५ च्या मार्चमध्ये २९ कोटींवाल्या त्या आकाशगंगेत ऑक्सिजनची रेषा पकडली. महास्फोटातून ऑक्सिजन मिळाला नव्हता. तो ताऱ्याच्या पोटातच तयार होतो आणि तारा फुटल्यावर बाहेर पडतो. म्हणजे जी आकाशगंगा आपल्याला सगळ्यात जुन्यांपैकी एक म्हणून दिसतेय, तिच्यातही आधी एक पिढी जगून, मरून गेलेली आहे. पहिले तारे २९ कोटींच्या आधीचे, एवढं या एका रेषेवरून ठामपणे म्हणता येतं. किती आधीचे, ते ती रेषा सांगत नाही.

अशीच एक खूण आपल्या अंगणातही आहे. ऑस्ट्रेलियातल्या स्कायमॅपर दुर्बिणीने शोधलेला एक तारा, सुमारे ६,००० प्रकाशवर्षांवरचा, ज्यात लोखंड सूर्याच्या एक कोटीव्या हिश्शाहूनही कमी आहे. त्याचा शोधनिबंध २०१४ चा. एकाच आदिम ताऱ्याच्या स्फोटातली राख घेऊन तो जन्मला असावा. वंशावळ कळते, जन्मतारीख मात्र नाही. पुढे जाऊ.

आता १८ कोटींचं कात्रण. माझं.

तटस्थ हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झला एक रेडिओलहर सोडतो किंवा शोषतो, २१ सेंटीमीटर लांबीची. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे जितकी जुनी लहर तितकी ती ताणली जाऊन कमी कंपनसंख्येला येते. हिशोब सोपा आहे, करून बघा. पुण्यात ९८.३ मेगाहर्ट्झला रेडिओ मिर्ची लागतं. १४२०.४ भागिले ९८.३ केलं तर साडेचौदाच्या जरासं आत येतं. म्हणजे त्या कंपनसंख्येवर आकाशातून जो हायड्रोजन 'बोलतो' तो विश्व सुमारे ३१ कोटी वर्षांचं असतानाचा. विश्वाची पहाट नेमकी एफएमच्या पट्ट्यात आणि त्याच्या थोडी खाली येऊन बसली आहे. रिक्षात गाणी चालू असतात त्याच खिडकीतून ती येते. याला काय म्हणावं!

पहिले तारे पेटण्याआधी हा वायू शांत असतो. आजूबाजूच्या सूक्ष्मलहरींशी त्याचं देणंघेणं समतोल असतं, त्यामुळे रेडिओत तो वेगळा उठून दिसत नाही. तारे पेटले की त्यांचा अतिनील प्रकाश या अणूंना असा काही छेडतो की त्यांची ती २१ सेंटीमीटरवाली अवस्था वायूच्या खऱ्या तापमानाशी जोडली जाते. वायू तेव्हा फार थंड, ७ केल्विनच्या आसपास. भोवतीच्या सूक्ष्मलहरी ५० केल्विनच्या. थंड वायू शोषून घेऊ लागतो आणि वर्णपटात एक खड्डा पडतो. नंतर क्ष-किरणांनी वायू तापतो आणि खड्डा भरून निघतो. खड्डा ज्या कंपनसंख्येला सुरू होतो, तीच पहिल्या ताऱ्यांची तारीख. आकाशगंगा, दुर्बीण, आरसे काही नको. एक अँटेना आणि एक चांगला रिसीव्हर.

तोच प्रयोग पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसनच्या ओसाड माळावर एजेस नावाने चालू होता, अमेरिकेतल्या जड बोमन आणि सहकाऱ्यांचा. अँटेना टेबलाएवढा, धातूचे दोन पत्रे आडवे, खाली ३० मीटर बाय ३० मीटरची धातूची जाळी. २८ फेब्रुवारी २०१८ ला त्यांनी जाहीर केलं: ७८ मेगाहर्ट्झला खड्डा सापडला. सुरुवात १८ कोटी वर्षांपाशी. खोली अर्धा केल्विन, आणि इथे पंचाईत झाली. सगळी गणितं फार फार तर ०.२ केल्विन देत होती. अर्धा केल्विन हवा तर वायू अपेक्षेच्या निम्म्याहून थंड हवा. मग कृष्णद्रव्याने, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या पदार्थाने, वायूला गार केलं असेल का, यावर लेखांची झुंबड उडाली.

मी तेव्हा तो निबंध मिळवून वाचला होता आणि कृष्णद्रव्याकडे बघितलंही नाही. मी जाळीकडे बघत होते.

कारण सांगते. ७८ मेगाहर्ट्झला आपलं आकाश अंधारं नसतं, आकाशगंगेच्या स्वतःच्या रेडिओ-प्रकाशाने ते दीड-दोन हजार केल्विनला तापलेलं दिसतं. त्यात अर्धा केल्विन शोधायचा. डेसिबलमध्ये, म्हणजे आम्ही सिग्नलच्या ताकदीतला फरक ज्यात मोजतो त्या एककात, मांडलं तर हा फरक डेसिबलचा हजारावा हिस्सा भरतो. आमच्या धंद्यात याच पट्ट्यात चार-पाच डेसिबलची अनिश्चितता सर्टिफिकेटवर छापतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. मी आयुष्यात एक दशांश डेसिबलवरून भांडलेली नाही.

आणि या पट्ट्यात काय काय होतं ते मी रोज बघते. एकदा एका कंपनीचा एलईडी ड्रायव्हर चेंबरमध्ये होता. बाहत्तर मेगाहर्ट्झच्या आसपास छान गोल उंचवटा दिसत होता. त्यांचा इंजिनियर फिल्टर बदलायला निघाला. आमच्या टेक्निशियन काकांनी आत जाऊन टेबलावरून लोंबणारी वायर वीतभर सरकवली, बाहेर आले, दार लावलं. उंचवटा उठून एकोणऐंशीला जाऊन बसला. वस्तूत काहीच बदल नाही, फक्त वायर आणि जमीन यांच्यातलं अंतर बदललं. एक-दोन मीटर लांबीची कुठलीही धातूची गोष्ट या पट्ट्यात आपलं गाणं म्हणते, आणि ते गाणं नेमकं गुळगुळीत, रुंद, खऱ्यासारखं दिसणारं असतं.

एजेसवाले कच्चे नव्हते, हे सांगायलाच हवं. त्यांनी दोन वेगळे संच लावले, अँटेना काटकोनात फिरवून बघितला, जाळी बदलली, दिवसाचे वेगवेगळे तास तपासले. दोनेक वर्षं ते आपलाच निकाल खोडायचा प्रयत्न करत होते. एवढं करून खड्डा जागेवर राहिला तेव्हाच त्यांनी छापलं. आमच्याकडे असा क्लायंट आला तर मी त्याला चहा पाजीन.

तरी शंका आल्या. त्याच वर्षी रिचर्ड हिल्स, गिरीश कुलकर्णी आणि आणखी दोघांनी दाखवलं की एजेसच्या डेटातून पुढ्यातलं आकाश वजा करायला जे सूत्र वापरलंय ते जुळवून घेताना त्यातले आकडे निसर्गात न बसणारे येतात, आणि वेगळं सूत्र घेतलं तर वेगळा खड्डा पडतो. २०१९ मध्ये दुसऱ्या एका गटाने थेट जाळीवरच बोट ठेवलं: जाळी आणि तिच्या खालच्या मातीचे थर मिळून एक अनुनाद (रेझोनन्स) तयार होऊ शकतो, आणि त्याचा आकार या खड्ड्यासारखाच दिसू शकतो. वाचून मी काकांना हाक मारली. त्यांना विश्वाच्या पहाटेत रस नव्हता, पण जाळीखालची माती म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

मग बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात आवडतं. हाच खड्डा शोधणारा त्यांचा सारस प्रयोग आधीपासून चालू होता. मातीचा भरवसा नाही ना? खाली कोरडी माती, मग ओल, मग खडक, प्रत्येक थरावरून लहर परतणार. मग मातीच नको! सारस-३ चा शंकूसारखा अँटेना त्यांनी तराफ्यावर बसवला आणि २०२० च्या सुरुवातीला कर्नाटकातल्या दंडिगनहळ्ळी तलावात आणि शरावतीच्या बॅकवॉटरमध्ये सोडला. खाली गोडं पाणी, सगळीकडे एकसारखं, ना थर ना भेगा. जाळीही नको आणि जाळीची कडाही नको. अँटेनाचा प्रतिसाद सरळ, गुळगुळीत, गणितात मांडता येईल असा. इतका साधा उपाय आहे की मला दोन दिवस हेवा वाटत होता. आम्ही चेंबरच्या फरशीवर लाखो रुपये घालतो.

निकाल आला २८ फेब्रुवारी २०२२ ला. (दोन्ही निकाल २८ फेब्रुवारीचे, राष्ट्रीय विज्ञान दिनाचे, आणि दुसरा तर रामन यांच्याच संस्थेचा. योगायोग, पण बाबांना हा भाग सगळ्यात आवडला.) सौरभ सिंग, रवी सुब्रह्मण्यन आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की एजेसने सांगितला तसा खड्डा आमच्या वर्णपटात नाही, आणि ९५.३ टक्के विश्वासाने तो फेटाळता येतो.

बाबा म्हणाले, "म्हणजे १८ कोटीचं कात्रण फाडू?"

नका फाडू. ९५.३ टक्के म्हणजे वीसात एक शक्यता अजून उरतेच. भौतिकशास्त्रात एवढ्यावर कुणी प्रेतयात्रा काढत नाही. आणि सारसने पहिले तारे नव्हते असं कुठेही म्हटलेलं नाही. ठरावीक आकाराचा, ठरावीक खोलीचा खड्डा नाही, एवढंच. उथळ खड्डा असेल तर तो त्यांच्या नजरेच्या टप्प्याखाली राहिला असेल. उलट त्याच 'काही नाही' मधून पुढे एक कामाची गोष्ट निघाली: विश्व २० कोटी वर्षांच्या सुमाराला असताना रेडिओत अतिशय प्रखर असणाऱ्या आकाशगंगा सर्रास असत्या तर सारसला त्या जाणवल्या असत्या. तशा त्या नव्हत्या. आमच्याकडे कोऱ्या ग्राफला 'पास' म्हणतात आणि क्लायंट तो न वाचता फाइलला लावतो. मला मात्र कोरा ग्राफ वाचायला आवडतो, कारण नॉइजची पातळी किती खाली नेली होती हे तिथेच कळतं.

आपल्या जीएमआरटीचा उल्लेख केला नाही तर नारायणगावचे माझे मामेभाऊ रागावतील. खोडदची ती ४५ मीटरची तीस तबकं उभारताना गोविंद स्वरूप यांच्या डोक्यात एक मोठं उद्दिष्ट हेच होतं, आकाशगंगा बनण्याआधीच्या हायड्रोजनचा ताणलेला २१ सेंटीमीटरचा सूर ऐकायचा. तो सूर तिथे अजून सापडलेला नाही. १५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे ताऱ्यांनी हायड्रोजन फोडायला घेतला त्या नंतरच्या काळात, त्यांनी वरची मर्यादा मात्र घातली, यापेक्षा मोठा चढउतार नाही अशी. आणि त्या कामात आधी काय सापडलं? आसपासच्या विजेच्या लाइनी आणि ट्रान्सफॉर्मर, तारांवरून लोंबणारे सुटे तुकडे. तीस तबकांचा वापर करून त्यांनी नॉइज नक्की कुठल्या ठिकाणाहून येतोय याचा नकाशाच काढला. हे मी बाबांना मुद्दाम सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "इन्सुलेटरला तडा गेला की रात्री चरचर ऐकू येते. आम्ही बदलायचो." बदलायचे असतील.

तर मग तारीख काय? बाबांना मी हे सांगितलं: २९ कोटींच्या आधी, हे पक्कं, ऑक्सिजनमुळे. संगणकावरची गणितं १० ते २० कोटींच्या दरम्यान कुठेतरी पहिला तारा पेटवतात आणि मला ते पटतं. पण १८ हा आकडा मोजलेला म्हणून मी लिहून देणार नाही, तसं सर्टिफिकेट माझ्या सहीने निघायचं नाही. खड्डा कुणीतरी वेगळ्या अँटेनाने, वेगळ्या जमिनीवर, त्याच जागी दाखवायला हवा.

त्यासाठी आता चंद्राची भाषा चालू आहे. मर्चिसनसारख्या ओसाड जागीही उल्कांच्या शेपट्यांवरून आणि विमानांवरून परावर्तित होऊन लांबचं एफएम टपकतंच. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला पृथ्वीपासून चंद्राचाच आडोसा असतो, तिथे मिर्ची पोचत नाही. रामन संस्थेचा प्रतुष नावाचा प्रस्ताव आहे, चंद्राभोवती फिरत त्या आडोशात मोजमाप करायचं. जमीन नाही, माती नाही, पाणीही नाही, सगळं मस्त. फक्त त्या अँटेनापासून हातभर अंतरावर एक यान असेल, आणि यानात बॅटरी, सौर पॅनेलचा चार्जर आणि निदान चार-पाच डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज बदलणारे सर्किट, असतील, दर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणारे. त्या कन्व्हर्टरांना डेसिबलच्या हजाराव्या हिश्शाच्या खाली कसं गप्प बसवणार, हे कुणाला ठाऊक असेल तर मला कळवा. सोमवारी माझ्याकडे एक चार्जर येतोय, त्यालाही उपयोग होईल.